धुणं माडीवर नेताना

कपडे धुण्याचं मशीन खालच्या मोरीतून माडीवर न्यायचं ठरलं, तेव्हा घरातल्या, शेजारच्या आणि फोनवरच्या प्रत्येकाने एकच विचारलं, "वर पाणी चढंल का?" लातूरकराला याहून वेगळा प्रश्न सुचायचा नाही. पाणी येणार कुठून आणि किती दिवसांनी, याच्या पलीकडे आपली चौकशी जात नाही. वापरलेलं पाणी वरून खाली कुठल्या वाटेने जाणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. सगळं काम उरकल्यावर हिशोब मांडला, तर पाणी वर आणायला एक पाइप, दोन नळ आणि एक छोटा पंप लागला होता. बाकीचा खर्च, वाद आणि धूळ पाणी खाली उतरवण्यात गेली.

कारण साधं होतं. सासऱ्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्यासाठी खालीच कमोडचं बाथरूम करायचं ठरलं. त्याला जागा एकच, मागची मोरी. तिथं आधी धुण्याचा दगड होता, नंतर मशीन आलं. शिवाय वाळत घालायच्या दोऱ्या गच्चीवर. ओल्या कपड्यांची बादली घेऊन दोन जिने चढायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मशीन वर जावं यात माझाही स्वार्थ होताच.

आत्याबाई म्हणाल्या, "एवढं वर नेलालीस तर थेट गच्चीवरच ने की. धुतलं, पिळलं, टाकलं दोरीवर."

बोलणं बिनतोड होतं, आणि आधी आम्ही तोच विचार केला. गच्चीवर जिन्याची खोली आहे, तिथं मशीन मावतं. पण ते दोन कारणांनी बारगळलं. पहिलं कारण पाण्याच्या दाबाचं. टाकीतून नळाला येणारं पाणी निव्वळ उंचीच्या जोरावर येतं. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार (दाबाचं माप) दाब, म्हणजे फुटामागे ०.०३ बार. आमची टाकी गच्चीवर तीन फुटांच्या ओट्यावर आहे. मशीनला पाणी घेणारं तोंडही जमिनीपासून तीन फुटांवर असतं. म्हणजे जिन्याच्या खोलीत मशीन ठेवलं तर टाकीचा तळ आणि मशीनचं तोंड एकाच पातळीवर. टाकी भरलेली असेल तर थोडंफार पाणी येईल, उतरत चालली की थेंब थेंब. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत कमीत कमी ०.३ बार लिहिलं आहे. तेवढा दाब नसला तर मशीन काही मिनिटं वाट पाहतं आणि पाणी येत नाही असा कोड दाखवून थांबतं.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त मोठं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदीचं १४४ कलम लागलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी लातुरात आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यानंतर आम्ही गच्चीचं पावसाचं पाणी फिल्टरमधून बोअरमध्ये सोडायची सोय केली. गच्चीचा सगळा उतार त्या एका पाइपाकडे आहे. तिथं मशीन ठेवलं आणि एखाद्या दिवशी नळी निसटली, तर साबणाचं पाणी थेट बोअरच्या वाटेला.

प्लंबर मिस्त्रींना मात्र नेमका तोच पाइप आवडला होता. मशीन कुठल्याही मजल्यावर ठेवा, सोडायचं त्यातच. "वैनी, चार इंची पाइप आयता खाली गेलाय. त्यातच जोडू की. भिंत कामून फोडायची?" मी त्यांना खाली नेऊन तो पाइप कुठं संपतो ते दाखवलं. फिल्टरची टाकी, वाळू, खडी, आणि तिथून बोअरच्या केसिंगला, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपाला, गेलेली नळी. ते म्हणाले, "हां, मग न्हाई जमत." मिस्त्री वाईट नव्हते, हात तर फारच चांगला होता. पण पाइप दिसला की जोडायचा ही सवय बहुतेकांची असते. पावसाचं पाणी वेगळं, मोरीचं वेगळं, संडासचं वेगळं, हे घरमालकालाच धरून बसावं लागतं.

मग माडीवरच्या दोन जागा उरल्या: पुढची गॅलरी आणि मागे बाथरूमला लागून असलेली अडगळीची खोली. गॅलरीला ऊन, वारा, सगळं छान. पण ती भिंतीतून बाहेर काढलेली, खाली खांब नाही. ओळखीचे एक इंजिनिअर येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला आधी माहीत नव्हती. अशा अधांतरी स्लॅबमधल्या मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. साध्या स्लॅबमध्ये त्या खाली असतात. त्यामुळे गॅलरीच्या फरशीत पाइपासाठी झिरी मारायला छिन्नी लावली, तर ती नेमकी भार पेलणाऱ्या सळ्यांवरच जाते. त्यात सात किलोचं फ्रंट लोड मशीन रिकामं असतानाच साठ-सत्तर किलोचं, आणि पिळताना ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे मारतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात बीम, कॉलम, सळई या विषयावर घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही मत असतं. सासऱ्यांनी पलंगावरूनच निकाल दिला, "गॅलरीला हात लावायचा नाही."

राहिली अडगळीची खोली. चारी बाजूंनी बीम, एक भिंत बाथरूमची, एक भिंत घराच्या मागच्या बोळाकडची. कागदावर उत्तम जागा. खाली मात्र स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या त्याच कोपऱ्यात देव्हारा. आत्याबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देवाच्या डोक्यावर धुण्याचं पाणी नको." त्यांची अडचण श्रद्धेची होती आणि माझी गळतीची, पण दोघींचं म्हणणं एकच निघालं: स्लॅबला भोक पडता कामा नये. देव्हारा पूर्वेच्या भिंतीला सरकवला, ते वेगळं. पण स्लॅब न फोडता सगळं पाणी मागच्या भिंतीतून बाहेर काढायचं, ही अट तिथं ठरली आणि पुढचं अर्धं काम त्या अटीने सोपं केलं.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण इथंच बहुतेक घरांत गडबड होते. बाथरूमचा स्लॅब घर बांधतानाच फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात नाहणी ट्रॅप (तळाशी पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा जाळीखालचा तुकडा) बसतो, पाइपाला उतार मिळतो आणि वरून फरशी होते. साध्या खोलीत असा खळगा नसतो. फरशीखाली जेमतेम दोन-तीन इंचांचा थर. त्यात नाहणी ट्रॅप मावत नाही. मग लोक एक तर स्लॅबला भोक पाडून ट्रॅप खालच्या खोलीच्या छताला लटकवतात, किंवा खोलीची फरशीच सहा-आठ इंच उचलतात. पहिल्यात खालच्या छताला पाइप दिसतो आणि भोकाभोवती गळती लागली की सापडता सापडत नाही. दुसऱ्यात स्लॅबवर भरावाचं वजन वाढतं आणि दारात पायरी येते.

मशीनला मात्र जमिनीतल्या ट्रॅपची गरजच नसते. त्याचा पंप पाणी वर ढकलतो. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की पाणी सोडायच्या नळीचं तोंड जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच हवं. म्हणून आम्ही भिंतीलगत दोन इंची उभा पाइप घेतला, वरचं तोंड उघडं, तीन फुटांच्या जरा खाली. त्याच्या बुडाशी, फरशीच्या वर वीतभर अंतरावर पी ट्रॅप (आडवा बाहेर जाणारा, पाणी धरून ठेवणारा वाकडा तुकडा), आणि तिथून भिंतीतून आरपार बाहेर. उतार चाळीसात एक, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. आमचं आडवं अंतर तीन फुटांचंही नव्हतं. सगळं डोळ्यासमोर, फरशीच्या वर. उद्या गळलं तर हात घालून बघता येतं.

मिस्त्री सव्वा इंची पाइप घेऊन आले होते, वॉश बेसिनला लावतात तो. त्यांच्या मते पुरला असता. पण बेसिनचं पाणी आपल्या जोराने संथ जातं, मशीनचा पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी फेसासकट ढकलतो. अरुंद पाइप असला की ते उभ्या पाइपाच्या तोंडातून वर येऊन खोलीभर होतं. दोन इंचांच्या खाली उतरायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पाइप बदलून आणायला दुकान चार पावलांवर होतं.

दुसरा वाद त्या उघड्या तोंडाचा. नळी आत घातल्यावर भोवती फट राहते. मिस्त्रींना ती एम-सीलने बुजवायची होती, वास येऊ नये म्हणून. वास अडवायचं काम खालच्या ट्रॅपमधल्या दोन इंच पाण्याचं आहे. ती फट हवेसाठी हवीच. ती बुजवली की स्कूटरच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढतात तसं होतं: एकदा पाणी वाहायला लागलं की ओढ थांबत नाही. मशीन वरून पाणी घेत राहतं, खालून ते निघून जात राहतं, आणि माणसाला वाटतं मशीन बिघडलं. माझ्या नांदेडच्या नणंदेकडे हेच झालं होतं. कंपनीचा माणूस येऊन मशीन उघडून गेला, एक भाग बदलून गेला, आणि शेवटी दोष निघाला नळीभोवतीच्या घट्ट चिंधीचा.

तिच्याच घरी आणखी एक प्रकार बघितला होता, त्यामुळे उतरत्या पाइपाच्या बाबतीत मी हट्टाला पेटले. तिचं धुणं दुसऱ्या मजल्यावर. वर मशीन पाणी सोडतं आणि तळमजल्यावरच्या बाथरूमच्या जाळीतून फेस वर येतो, घोट्याएवढा. पाणी तुंबलेलं नसतं, नुसता फेस. उभ्या पाइपातून साबणाचं पाणी जोरात खाली येतं, बुडाशी वळणावर आपटतं, तिथं फेस दाटतो आणि त्याला जी पहिली मोकळी वाट मिळेल तिथून तो वर चढतो. तळमजल्याचं बाथरूम त्याच पाइपाला वळणाजवळ जोडलेलं असेल तर ती वाट म्हणजे ते बाथरूम. उपाय अवघड नाही, फक्त आधी करावा लागतो. सासऱ्यांच्या नव्या बाथरूमचं पाणी आम्ही वेगळ्या पाइपाने थेट गटारीच्या चेंबरला नेलं. धुण्याचा तीन इंची पाइप वेगळा उतरवला आणि खालच्या वळणाला एकदम काटकोन न देता पंचेचाळीस अंशाचे दोन बेंड लावले. त्याच्या वर हातभर अंतरावर डोअर टी, म्हणजे झाकणाचा तुकडा. कपड्यांचा लव, केस, खिशातले कागदाचे बोळे अडकले तर झाकण उघडून काढता येतात. पुढे तीन आठवड्यांतच त्यातून एक बनियनचं बटण आणि सुपारीचं पुडकं निघालं. कुणाचं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

तोच पाइप वर गच्चीच्या कठड्याच्याही वर नेऊन उघडा ठेवला, टोकाला काउल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी. पाणी खाली कोसळताना मागे हवा ओढतं. ती हवा वरून मिळाली नाही तर जवळच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतं, ट्रॅप रिकामा होतो आणि गटाराचा वास घरात येतो. मिस्त्रींनी काउलला बारीक जाळी बांधली, डासांसाठी. हे त्यांनी स्वतःहून केलं, आणि बरं केलं.

जमिनीवर सांडलेल्या पाण्याचं काय? मशीन असलं तरी कॉलर, पायजम्याचे पाय, सासऱ्यांची धोतरं मी हातानेच घासते, म्हणजे फरशी ओली होणारच. शिवाय नळी फुटली तर पाणी अख्ख्या माडीवर जाणार. इथं जुनी पद्धत कामाला आली. फरशीला मागच्या भिंतीकडे उतार, भिंतीच्या बुडाशी जाळी लावलेलं भोक, आणि बाहेरून एक पाइप खाली गली ट्रॅपच्या (घराबाहेरच्या, जमिनीतल्या ट्रॅपच्या) जाळीवर मोकळा सोडलेला. आधीच्या घरांतल्या मोऱ्यांचं पाणी असंच भिंतीतून बाहेर जायचं. मोकळा सोडल्यामुळे या पाइपाला वर वेगळा ट्रॅप लागत नाही, वास येण्याचाही प्रश्न नाही. दारात एक इंचाची कडाप्प्याची पट्टी, पाणी खोलीबाहेर येऊ नये म्हणून.

वॉटरप्रूफिंगवर मी कंजुषी केली नाही. खाली स्वयंपाकघर आहे. जुनी फरशी काढली, स्लॅब साफ केला, कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई दिली, भिंतीवर फूटभर वरपर्यंत थर चढवला, भिंतीतून पाइप जातो तिथं आधी भोकाभोवतीची पोकळी नीट भरून मग थर. नुसत्या फरशीवर सांध्यात पांढरं सिमेंट भरलं म्हणजे वॉटरप्रूफिंग झालं असं समजणारे लोक आहेत. फरशी बसवायच्या आधी भोक बुजवून दोन इंच पाणी भरून ठेवायचं आणि दोन दिवस खालचं छत बघायचं, एवढी चाचणी पुरते. नळ आठवड्याने येणाऱ्या गावात एवढं पाणी अडवून ठेवायला जीव होत नाही. आम्ही बोअरचं जड पाणी भरलं आणि नंतर तेच बादल्यांनी काढून नव्या सिमेंटकामावर मारलं.

एका ठिकाणी पाणी झिरपलं, पाइप आणि भिंतीच्या सांध्यात. फरशी व्हायच्या आधी दिसलं म्हणून तासाभराचं काम. फरशीनंतर दिसलं असतं तर नव्या ठिकाणी सरकवलेल्या देव्हाऱ्यालाही निरोप गेला असता.

आता खाली आलेलं पाणी. आमच्या भागात काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यात नुसता पुरलेला पाइप दोन-तीन वर्षांत वर-खाली होतो आणि सांध्यात उकलतो. म्हणून चर रुंद घेऊन खाली-वर मुरूम भरला, मग पाइप. सेप्टिक टँकला हे पाणी जोडायचं नाही हेही ठरलेलं होतं. एकदम येणारं एवढं पाणी टाकीतला गाळ बसू देत नाही, ढवळून पुढं ढकलतं. शोषखड्डा करावा असं सासऱ्यांच्या मनात होतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारांचा आणि डासांचा त्रास घालवला, ते त्यांनी ऐकलेलं. पण शोषखड्ड्याला खाली मुरूम हवा. आमच्या अंगणात पहारीने बघितलं तर चार-पाच फूट काळीच लागली. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी पुढं जिरू देत नाही. बेत सोडला आणि पाइप नगरपालिकेच्या काळापासूनच्या गटारीच्या चेंबरला नेला.

तेवढ्यावर थांबलो असतो, तर धुणं माडीवर न्यायचा सगळ्यात मोठा फायदा हातचा गेला असता. खाली असताना मशीनचं पाणी पुन्हा वापरायचं तर बादल्या भरून उचलावं लागायचं. २०१६ मध्ये आम्ही ते केलंही. आता पाणी वरून खाली येतं, म्हणजे वाटेत कुठंही अडवता येतं. मागच्या बोळात भिंतीलगत पाच फूट उंच पक्का ओटा बांधला, त्यावर दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम. धुण्याचा पाइप चेंबरला जायच्या आधी त्या ड्रममध्ये येतो. ड्रम भरला की वरच्या तीन इंची पाइपातून पाणी चेंबरला जातं. तो येणाऱ्या पाइपाएवढाच ठेवला, नाही तर ड्रम वरून सांडणार. ड्रमच्या तळाजवळून एक पाइप सासऱ्यांच्या कमोडच्या फ्लशटाकीला. फ्लशटाकीला दोन बाजूंनी भोकं असतात. एकीकडून वरच्या टाकीचं चांगलं पाणी, दुसरीकडून हे, दोन्हीला आपापला फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा. दोन पाइप व्हॉल्व्ह लावून एकमेकांना जोडायची सूचना आली होती, एक फ्लोट वाचतो म्हणून. ती मी ऐकली नाही. व्हॉल्व्ह एक दिवस उघडा राहिला तर साबणाचं पाणी प्यायच्या टाकीच्या पाइपात शिरू शकतं.

फ्रंट लोड मशीन एका धुण्याला पन्नास-साठ लिटर पाणी घेतं. एका फ्लशला सहा ते दहा लिटर. रोज एक धुणं झालं तर खालच्या संडासचं जवळजवळ भागतं. हे पाणी एका दिवसापेक्षा जास्त ठेवायचं नाही, नासतं आणि वास मारतं. म्हणून ड्रमच्या अगदी बुडाला आणखी एक नळ आहे, गावाला जाताना सगळं सोडून द्यायला. झाडांना मात्र मी शेवटच्या खळबळीचंच पाणी घालते, तेही रोज नाही. साबणातल्या सोडियमने काळी माती आणखी चिकट आणि घट्ट होते. कढीपत्त्याचं झाड वाचवायचं की साबणपाणी जिरवायचं, यात कढीपत्ता जिंकला.

आता ज्याची सगळ्यांना काळजी होती ते, पाणी चढण्याचं. माडीवर मशीनचं तोंड आणि टाकीचा तळ यात दहा फुटांचं अंतर, म्हणजे ०.३ बार. अगदी काठावर, आणि पाइपातली वळणं त्यातून थोडं खाणार. टाकीचा ओटा आणखी चार फूट उंच करा असं दोघा-तिघांनी सुचवलं. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे टनभर वजन. ते उंच विटांच्या पायांवर ठेवायला माझी तयारी नव्हती, किल्लारीच्या जिल्ह्यात तर नाहीच. त्यापेक्षा टाकीपासून मशीनसाठी एक इंची वेगळी लाइन घेतली आणि त्यावर छोटा प्रेशर पंप बसवला. नळ उघडला की चालू, बंद केला की बंद. टाकी रिकामी असताना तो कोरडा फिरू नये म्हणून टाकीत फ्लोट स्विच. असा पंप टाकीच्या पुढेच लावायचा. महापालिकेच्या नळाला थेट मोटार लावून पाणी ओढायला बंदी आहे, आणि लावणाऱ्याच्या शेजाऱ्याला विचारा ती बंदी कशासाठी आहे. टाकीतून निघाल्या निघाल्या पाइपाला एक उभी नळी टाकीच्याही वर काढली. पाणी संपून पुन्हा भरलं की पाइपात हवा अडकते आणि टाकी भरलेली असून नळाला पाणी येत नाही. त्या नळीतून हवा निघून जाते.

गच्चीवरचा पाइप उघड्यावर ठेवायचा तर रंग मारून. आमच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्या उन्हात सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो. भिंतीवर क्लॅम्प नेहमीपेक्षा जवळ जवळ मारले. मशीनचा व्हॉल्व्ह झटकन बंद होतो, त्या धक्क्याने सैल पाइप भिंतीवर ठकठक आपटतो. मशीनचा नळ हाताला सहज येईल असा लावला, मशीनच्या पाठीमागे लपवला नाही. धुणं झालं की नळ बंद. माडीवर रबरी नळी रात्रीत फुटली तर सकाळी जिन्यावरून पाणी येतं.

वीजकामाचं एकच सांगते: मशीनला १६ अँपिअरचं वेगळं पॉइंट, नीट अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी. ओल्या खोलीत यात तडजोड नको.

मशीन वर चढवायच्या आधी पाठीमागचे ट्रान्झिट बोल्ट परत बसवले. नवं मशीन आलं तेव्हा काढलेले हे चार बोल्ट लोक फेकून देतात. ते नसताना जिन्यावरून हिसके बसले तर आतला ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत आपटतो. आमचे पिठाच्या डब्यांमागे एका पिशवीत सापडले. चौघांनी उचललं. वर ठेवल्यावर बोल्ट पुन्हा काढले, पाय कमी-जास्त करून पाणसळ लावली. खोलीच्या फरशीला उतार असल्यामुळे याला बराच वेळ गेला. मशीन बाथरूमच्या बाजूला, खालच्या बीमवर येईल असं ठेवलं आहे. पिळताना खाली स्वयंपाकघरात हलकी घरघर येते, भांडी वाजत नाहीत.

पहिल्यांदा कपडे न घालता नुसतं चालवलं. मी वर उभ्या पाइपाच्या तोंडाशी, हे खाली नव्या बाथरूमच्या जाळीशी, मिस्त्री चेंबरचं झाकण उघडून. मी वरून ओरडले, "सोडलालंय!" खालून उत्तर आलं, "फेस न्हाई." मग साबण घालून परत एकदा, कारण खरी परीक्षा फेसाचीच. जाळीतून काही आलं नाही. वर धुण्याच्या पाइपाचा ट्रॅप मात्र गुडगुडला. काउलवरची जाळी जरा जास्तच बारीक होती, हवा अडत होती. ती बदलली आणि आवाज गेला.

एक काम राहिलं आहे. बोअरचं पाणी जड, बेसाल्टातलं. साबणाला फेस कमी, टॉवेल कडक, आणि मशीनच्या हीटरवर पांढरा थर. नळाचं पाणी असतं त्या आठवड्यात प्रश्न नसतो, बोअरवर आलो की जाणवतं. मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी महिन्यातून एकदा काढून धुते, तिच्यात टाकीतला गाळ आणि पांढरी खडी सापडते. अधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक ॲसिड घालून गरम पाण्याचं धुणं चालवते. जड पाणी मऊ करणारा, मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवायला खोलीत जागा आणि आउटलेट दोन्ही ठेवलेत. पण तो स्वतःला धुवायला मीठपाणी सोडतो, आणि ते मीठपाणी ड्रममधून फ्लशला आणि एखाद्या वेळी कढीपत्त्याला जाणार. त्याची वेगळी वाट थेट चेंबरला काढायची आहे. मिस्त्री पोळा झाल्यावर येतो म्हणालेत.